चेटकीण खरी, आरोप खोटे: 'द विच' दुसऱ्यांदा पाहताना

प्रश्न थोडक्यात असा: रॉबर्ट एगर्सचा 'द विच' हा भयपट पहिल्यांदा पाहिला तेव्हा संथ वाटला, फारशी भीती वाटली नाही, तरी डोक्यातून जात नाही. आता पुन्हा बघायचाय, तर कशाकडे लक्ष द्यावं? त्यातली चेटकीण खरी मानायची की बुरशी लागलेल्या मक्यामुळे झालेला भास? आणि खरी मानली तर हा चित्रपट अंधश्रद्धेलाच खतपाणी घालत नाही का?

उत्तरात कथेचा शेवटही येणार आहे. ज्यांनी एकदाही पाहिलेला नाही त्यांनी इथेच थांबावं.

मधल्या प्रश्नाचं उत्तर आधी देतो, कारण बाकी सगळं त्यावर उभं आहे. चेटकीण खरी आहे. तान्हा सॅम्युअल नाहीसा झाल्यावर लगेचच कॅमेरा जंगलात जातो आणि ती म्हातारी बाळाचं काय करते ते दाखवतो. त्या वेळी तिथे घरातलं कुणीही नाही. भास म्हटलं तर तो कुणाला तरी व्हावा लागतो. हे दृश्य कुणाच्याच डोळ्यांतून दाखवलेलं नाही. पण त्याच वेळी, त्या घरातली माणसं एकमेकांवर जे आरोप करतात ते जवळपास सगळे चुकीचे आहेत. चेटकीण आहे, आणि तिच्यापर्यंत एकही बोट पोहोचत नाही. हे धरून बसलात की पहिल्या वेळी रटाळ वाटलेला मधला भाग सगळ्यात घट्ट विणलेला दिसतो.

आता पडद्याची तयारी, कारण या चित्रपटाबद्दलच्या निम्म्या तक्रारी टीव्हीच्या सेटिंगमुळे असतात. छायालेखक जॅरिन ब्लाश्के यांनी बाहेरची दृश्यं ढगाळ उजेडात आणि रात्रीची घरातली दृश्यं प्रामुख्याने मेणबत्त्यांच्या प्रकाशात चित्रित केली आहेत. चित्र मुळातच काळोखाकडे झुकलेलं आहे. टीव्हीचा 'व्हिव्हिड' मोड लावला तर आकाश पांढरंफटक होतं आणि मेणबत्तीभोवतीचे चेहरे काळ्या डागांत बुडतात. 'सिनेमा' किंवा 'फिल्ममेकर' मोड लावा, खोलीतल्या उजेडानुसार आपोआप कमी-जास्त होणारी ब्राइटनेस बंद करा, आणि मोशन स्मूदिंग (हालचाल कृत्रिमपणे गुळगुळीत करणारी सोय) तर आधी बंद करा. ते चालू राहिलं की सतराव्या शतकातलं शेत दुपारच्या मालिकेसारखं दिसतं. खोलीत अंधार हवा. खिडकीतून उजेड येत असेल तर शेळ्यांच्या गोठ्यातलं रात्रीचं दृश्य बघणं फुकट आहे.

चौकट १.६६ : १ आहे, म्हणजे हल्लीच्या टीव्हीपेक्षा किंचित अरुंद. ५५ इंची टीव्हीवर दोन्ही बाजूंना साधारण ४-४ सेंटीमीटर काळी पट्टी राहील. ती घालवण्यासाठी झूम करू नका. झूम केलं की वरचा आणि खालचा भाग कापला जातो, आणि इथे झाडांची उंची हीच धमकी आहे. माणसं चौकटीच्या खालच्या भागात, वर नुसती खोडं, अशी रचना पुन्हा पुन्हा येते.

आवाजाचं उलटं होतं. संवाद पुटपुटल्यासारखे, तेही यॉर्कशायरच्या हेलातल्या जुन्या इंग्रजीत. म्हणून लोक आवाज वाढवतात आणि मग पार्श्वसंगीतातला समूहस्वर कानठळ्या बसवतो. संवादांसाठी इंग्रजी सबटायटल्स लावा, कमीपणा मानू नका, आणि आवाज समूहस्वराला झेपेल इतकाच ठेवा. आवाजाचा नाइट मोड नको. तो लावला की शांतता आणि किंकाळी यांतलं अंतरच संपतं.

'भीती वाटली नाही' ही तक्रार तुमच्या एकट्याची नाही. २०१५ च्या सनडान्स महोत्सवात एगर्सना याच चित्रपटासाठी दिग्दर्शनाचा पुरस्कार मिळाला. फेब्रुवारी २०१६ मध्ये तो अमेरिकेत सर्वत्र लागला तेव्हा चित्रपटगृहातून बाहेर पडणाऱ्या प्रेक्षकांनी सिनेमास्कोरच्या पाहणीत त्याला 'सी मायनस' दिला. जाहिरातीने दचकवणाऱ्या भयपटाचं आश्वासन दिलं होतं आणि पडद्यावर निघाली एका कुटुंबाची घरातल्या घरात चाललेली धार्मिक चौकशी. सुमारे ४० लाख डॉलरच्या या चित्रपटाने तरीही त्याच्या दहापट गल्ला जमवला, ते वेगळं.

काळ १६३० च्या दशकातला, जागा न्यू इंग्लंड, म्हणजे अमेरिकेचा ईशान्य किनारा (चित्रीकरण मात्र कॅनडातल्या ऑन्टारियोत, किओस्क नावाच्या आडवळणी जागी). इथे एक घोळ हमखास होतो: लोक याला मॅसॅच्युसेट्समधल्या सेलमच्या गाजलेल्या चेटूक-खटल्यांची गोष्ट समजतात. सेलम १६९२ चं, म्हणजे साठ वर्षं पुढचं. न्यू इंग्लंडमध्ये चेटकाच्या आरोपावरून पहिली नोंदलेली फाशी अ‍ॅल्स यंग या स्त्रीची, हार्टफर्डमध्ये, १६४७ साली. आणि फाशीच, इंग्रजी कायद्यात चेटकिणीला जाळत नसत. सेलममध्येही १९ जण फाशी गेले आणि जाइल्स कोरी दगडांखाली चिरडून मेला. चिता कुणाचीही पेटली नाही.

पहिलं दृश्य नीट ऐका. विल्यम नावाचा शेतकरी चर्चच्या न्यायासनापुढे उभा आहे आणि 'तुम्हीच खोटे ख्रिस्ती' असं न्याय करणाऱ्यांनाच सुनावतोय. अहंकाराचा ठपका येतो आणि त्याला वस्तीबाहेर काढलं जातं. तो म्हणतो, आनंदाने जातो. पहिल्या वेळी हा माणूस तत्त्वनिष्ठ वाटतो. दुसऱ्या वेळी त्याच्या बायकोकडे आणि मुलांकडे पाहा. निर्णय एकट्याने घेतला, शिक्षा सात जणांना झाली, सॅम्युअल धरून.

त्या शिक्षेचा खरा अर्थ कळायला थोडं धर्मशास्त्र लागतं, आणि मराठी प्रेक्षकाला नेमकं तेच निसटतं. हे कुटुंब प्युरिटन, आणि प्युरिटन लोक कॅल्विन या प्रोटेस्टंट धर्मसुधारकाच्या पंथातले. कोण तरणार आणि कोण नरकात जाणार हे देवाने आधीच ठरवलंय, आणि ते कुणालाच खात्रीने कळत नाही. पुण्य करून ते बदलत नाही, कबुली देऊन पाद्र्याकडून क्षमा मिळवायची कॅथलिक सोयही नाही. म्हणजे आपण निवडलेल्यांपैकी आहोत का, याची चिन्हं माणूस सतत स्वतःत आणि शेजाऱ्यात शोधत राहतो. पीक सडलं, हेही चिन्ह. बाळ गेलं, हेही चिन्ह. त्यात मॅसॅच्युसेट्समध्ये बाप्तिस्मा चर्चच्या सभासदांच्याच मुलांना मिळे. वस्तीबाहेर काढलेल्या घराला चर्च नाही, म्हणून सॅम्युअलचा बाप्तिस्मा झालेला नाही, म्हणून आई कॅथरीनला तो नरकात दिसतो. थोरला मुलगा केलेब वडिलांना सरळ विचारतो, सॅम्युअल नरकात गेला का? विल्यम प्रामाणिक माणूस आहे, 'नाही' म्हणत नाही. ते देवालाच ठाऊक, म्हणतो. नुकतंच भाऊ गेलेल्या पोराला देण्यासारखं त्याच्याकडे यापेक्षा काही नाही.

पुन्हा पाहताना हातात कागद घ्या आणि घरातली खोटी टिपत जा. गंमत म्हणून सांगत नाही. चित्रपटाची सगळी यंत्रणा त्यावर चालते.

विल्यमने सापळे घेण्यासाठी कॅथरीनचा चांदीचा पेला गुपचूप दिला. हे तो केलेबला जंगलात सांगतो, बायकोला नाही. परत आल्यावर कुठे गेला होतात असं आई विचारते, तेव्हा बापाला वाचवायला केलेब सांगतो: सफरचंदं शोधायला. ज्या पोराने तासाभरापूर्वी 'मी पापात जन्मलो' हा प्रश्नोत्तराचा पाठ घडाघडा म्हणून दाखवला, तोच सहज खोटं बोलतो आणि बाप गप्प राहतो. पुढे पेला सापडत नाही तेव्हा कॅथरीन थोरल्या मुलीला, थॉमसिनला, धारेवर धरते. विल्यम जेवणाच्या त्याच टेबलाशी बसलेला आहे. या दृश्यात संशयाकडे बघू नका, विल्यमच्या चेहऱ्याकडे बघा. एका वाक्यात मुलगी सुटली असती.

ते वाक्य येत नाही. त्या रात्री आईबाप ठरवतात की थॉमसिनला दुसऱ्या घरी कामाला पाठवायचं. माळ्यावर झोपलेली मुलं ते ऐकतात. बहिणीला जावं लागू नये, काहीतरी खायला आणावं, म्हणून केलेब पहाटे जंगलात निघतो, थॉमसिन हट्टाने सोबत जाते, आणि तिथे तो चेटकिणीच्या हाती लागतो. साखळी उलटी लावून बघा: केलेबच्या मृत्यूपासून मागे मागे गेलं की पोहोचतो ते चांदीच्या पेल्यापाशी. चेटकिणीला फक्त दार उघडायची वाट पाहायची होती.

आणि मग सफरचंद. केलेब नागडा, तापाने फणफणलेला परत येतो, दातखिळी बसलेली. जबडा उघडल्यावर तोंडातून काय पडतं? सफरचंद, अख्खं, रक्ताळलेलं. पहिल्या पाहण्यात आपण एदेनच्या बागेचा संदर्भ ओळखून खूश होतो. तो आहेच. पण त्याआधी ते सफरचंद केलेबच्या थापेतलं आहे. जे कुठेच नव्हतं, ते त्याच्या पोटातून निघालं. ते ओळखू शकणारा माणूस त्या खोलीत एकच आहे: विल्यम.

थॉमसिनचंही एक खोटं टिपा. ओढ्यावर धाकटी मर्सी पिडत असते म्हणून ती तिला घाबरवते: मीच ती रानातली चेटकीण, मीच सॅम्युअलला नेलं. थट्टेतलं हे वाक्य पुढे तिच्याविरुद्धचा मुख्य पुरावा होतं. खऱ्या खटल्यांत असंच व्हायचं. रागाच्या भरात शेजाऱ्याला दिलेला शाप, पुढे कधीतरी त्याची गाय मेली, की दोन्हींची गाठ मारली जाई.

सॅम्युअल नाहीसा होतो तो क्षण थांबवून थांबवून पाहण्यासारखा आहे. थॉमसिन बाळाशी 'कुक' खेळतेय. डोळ्यांवर हात, हात बाजूला, बाळ हसतं. पुन्हा हात, पुन्हा हसू. कॅमेरा एकदा तिच्याकडे, एकदा बाळाकडे, ठराविक तालात. शेवटच्या खेपेला हात बाजूला होतात आणि तिचा चेहरा बदलतो. आपल्याला रिकामं दुपटं त्यानंतर दिसतं. मग जंगलाची कड दिसते, आणि इथे अंतर मोजा. डोळे झाकलेल्या त्या क्षणात ते मैदान ओलांडून जाणं माणसाला शक्य नाही आणि लांडग्यालाही नाही. विल्यम मात्र घरात लांडग्याचीच गोष्ट सांगतो. स्वतःचा त्यावर कितपत विश्वास आहे, हे विल्यमचं काम करणाऱ्या राल्फ आयनसनच्या आवाजात ऐका.

बोकडाकडे वळू. ब्लॅक फिलिप. काम केलं चार्ली नावाच्या बोकडाने, वजन सुमारे ९५ किलो, आणि तो सेटवर कुणाचंच ऐकत नसे. इंग्रजी चेटूककल्पनेत पाळीव भूत फार महत्त्वाचं. युरोप खंडात चेटकिणींच्या उडत्या मेळाव्यांवर भर होता, इंग्लंडमध्ये मांजर, ससा, बेडूक असल्या रूपात घरात राहणाऱ्या आणि बाईचं रक्त पिणाऱ्या सेवकावर. १६०४ च्या इंग्रजी कायद्यात दुष्ट आत्म्याशी सल्लामसलत करणं, करार करणं, त्याला ठेवून घेणं, एवढंच काय त्याला खाऊ घालणं हाही गुन्हा होता. मॅसॅच्युसेट्सच्या १६४१ च्या कायद्यात चेटकिणीची व्याख्याच अशी की जिच्याकडे असा आत्मा आहे किंवा जी त्याचा सल्ला घेते ती.

हे डोक्यात ठेवून जुळ्यांकडे बघा. मर्सी आणि जोनास दिवसभर बोकडाभोवती नाचतात, त्याची गाणी म्हणतात, तो आमच्या कानात बोलतो असं सांगतात. घरातलं हे एकमेव खरं विधान असावं, आणि ते पोरांचा चावटपणा म्हणून सोडून दिलं जातं. पुढे थॉमसिन बोकडाचं नाव घेते, तेव्हाही विल्यम तिन्ही मुलांना नेमकं त्याच गोठ्यात, त्याच बोकडासोबत कोंडतो आणि बाहेरून फळ्या ठोकतो. कॅथरीनचं कावळ्याला अंगावर पाजण्याचं दृश्य, शेळीच्या दुधातलं रक्त, गोठ्यात शेळीला लुचणारी म्हातारी, हे सगळं त्याच रक्त-दुधाच्या कल्पनेतून आलेलं आहे. किळस आणण्यासाठी घातलेली दृश्यं म्हणून ती सोडून देऊ नका.

केलेबच्या मृत्युशय्येजवळ प्रार्थना म्हणायची वेळ येते आणि जुळ्यांना शब्द आठवत नाहीत. प्रार्थना न अडखळता म्हणता येते का, ही तेव्हाची चेटकीण ओळखण्याची कसोटी होती. तिचा उपयोग किती, ते सेलमच्या जॉर्ज बरोजवरून कळतं. १९ ऑगस्ट १६९२ रोजी या पाद्र्याने फाशीच्या शिडीवर उभं राहून प्रभूची प्रार्थना बिनचूक म्हटली. गर्दी चलबिचल झाली. फाशी झालीच. तिथला आणखी एक उफराटा नियम थॉमसिन-विल्यमच्या भांडणात दिसतो: कबुली देणारे बहुतेक जण जगले, नाकारत राहिले ते लटकले. विल्यम मुलीकडे प्रेमाने कबुली मागतो, आणि हाच प्रसंग सगळ्यात भयंकर आहे. खरं बोलून सुटायचा रस्ता तिच्यासाठी शिल्लकच नाही. ती मग बापाचेच गुन्हे मोजून दाखवते: पेला, सडलेलं पीक, शिकार जमत नाही, लाकडं फोडण्यापलीकडे काही येत नाही. त्या लाकडांच्या ढिगावर नजर ठेवलीत का? काही सुचेनासं झालं की विल्यम कुऱ्हाड उचलतो. शेवटी त्याच ढिगाखाली तो मरतो.

संगीताबद्दल थोडक्यात. मार्क कॉर्वेन यांनी इलेक्ट्रॉनिक वाद्यं टाळली. निकेलहार्पा हे स्वीडिश कळीचं तंतुवाद्य, वॉटरफोन हे पाणी भरलेलं धातूचं वाद्य, आणि टोरोंटोचा एलिमेंट क्वायर हा उत्स्फूर्त गाणारा समूह वापरला. हे स्वर एकमेकांशी जुळत नाहीत, म्हणून कान विसाव्याची जागा शोधत राहतो. ससा दिसतो त्या दृश्यात डोळे मिटून ऐका. ससा काहीच करत नाही, नुसता बसतो.

बुरशीचा मुद्दा. लिंडा कॅपोरेल यांनी १९७६ मध्ये 'सायन्स' या नियतकालिकात मांडलं की सेलममधले झटके आणि भास राय या धान्यावरच्या अरगट बुरशीमुळे असावेत. त्याच वर्षी त्याच नियतकालिकात स्पॅनोस आणि गॉटलीब यांनी ते खोडून काढलं: लक्षणं जुळत नाहीत, आणि झटके घराघरांत विषबाधेसारखे पसरलेले नव्हते. चित्रपटात काळवंडलेली कणसं दिसतात म्हणून हा सिद्धांत त्याला चिकटवला जातो. पण ती कणसं मक्याची आहेत, आणि अरगटचं नेहमीचं पीक राय. काळं कणीस त्या घराला रोग म्हणून दिसत नाही, शिक्षा म्हणून दिसतं. तेवढ्यासाठी ते तिथे आहे.

आता अंधश्रद्धा. हा प्रश्न महाराष्ट्रातून येणं स्वाभाविक आहे. सातपुड्यात, नंदुरबारकडे, डाकीण ठरवून बायकांना मारहाण झाल्याच्या बातम्या आपण वाचलेल्या आहेत. डॉ. नरेंद्र दाभोलकरांच्या २० ऑगस्ट २०१३ च्या खुनानंतर जादूटोणाविरोधी वटहुकूम निघाला आणि त्याच वर्षी कायदा झाला. करणी-चेटूक करते असा ठपका ठेवून कुणाला छळणं त्याखाली गुन्हा आहे. अशा ठिकाणी खरी चेटकीण दाखवणारा चित्रपट खटकू शकतो, आणि कुणी तो न बघता नाकारला तर माझा वाद नाही. पण बघितलात तर हे बघा की चेटकीण खरी असण्याचा त्या आरोपांना काडीचा उपयोग होत नाही. 'चेटूक नसतंच' हे सिद्ध करून आरोप पाडणं त्या मानाने सोपं आहे. इथे दिग्दर्शक समोरच्याचं सगळं गृहीतक मान्य करतो, चेटकीण, सैतान, बोलणारा बोकड, सगळं. आणि तरी निष्पाप मुलगीच अडकते. शेवटी ती चेटकीण होते, पण घरातलं कुणी उरलं नाही, थंडी तोंडावर आहे, वस्तीत परत गेली तर फाशी ठरलेली, अशा अवस्थेत.

म्हणून शेवटच्या दृश्याला 'स्त्रीमुक्ती' म्हणून टाळ्या वाजवणारं वाचन मला पूर्ण पटत नाही. २०१६ मध्ये अमेरिकेतल्या सॅटनिक टेंपल या संघटनेने या चित्रपटाला जाहीर पाठिंबा दिला होता, त्यांचंही वाचन तसंच. थॉमसिनच्या हसण्यात सुटका आहे, ते खरं. अन्या टेलर-जॉयने ते हसू रडण्यापासून सुरू केलंय, तेही बघा. सैतान तिला काय देऊ करतो? लोण्याची चव, छानसा पोशाख, जग पाहणं. दुसऱ्याच्या घरी कामाला धाडल्या जाणाऱ्या पोरीची यादी आहे ही, आणि ती लेखकाच्या कल्पनेतून आलेली नाही. १६७१ मध्ये मॅसॅच्युसेट्समधल्या ग्रोटन गावात एलिझाबेथ नॅप नावाची सोळा वर्षांची मोलकरीण झटके येऊन ओरडू लागली. ती ज्यांच्या घरी कामाला होती त्या पाद्र्याने, सॅम्युअल विलार्डने, दिवसागणिक नोंद ठेवली. सैतानाने तिला देऊ केलेल्या गोष्टी त्यात आहेत: पैसा, रेशीम, चांगले कपडे, कामातून सुटका आणि अख्खं जग दाखवणं. तिनेही एका शेजारणीवर बोट ठेवलं होतं. विलार्डने घाई केली नाही, ती शेजारीण घरी येऊन तिच्यासोबत प्रार्थनेला बसली, आणि नॅपने आरोप मागे घेतला. ग्रोटनमध्ये कुणी फाशी गेलं नाही. नॅपने पुढे लग्न केलं, संसार केला. विलार्ड १६९२ मध्ये बोस्टनला होता, आणि सेलममध्ये ज्या भुताटकीच्या साक्षींवर ('आरोपीचं भूत मला छळतं' अशा) माणसं लटकवली जात होती त्यांच्याविरुद्ध बोलणाऱ्या थोड्या पाद्र्यांपैकी तो एक होता.